मेल्विल ड्यूई : सुधारक आणि पुरवठादार

कोणत्याही जुन्या ग्रंथालयात तालिकापत्रांचे कपाट असतेच. अरुंद, खोल खण, पितळी कडी आणि आत दाटीने बसलेली साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटर मापाची कार्डे. संगणक आल्यावर ही कपाटे कोपऱ्यात गेली. पण जगाच्या दूरदूरच्या ग्रंथालयांत हेच एक माप का रूढ झाले, याचा विचार फारसा कोणी केला नाही. या मापामागे एक माणूस उभा आहे. दशांश वर्गीकरणाचे जनक म्हणून मेल्विल ड्यूई यांचे नाव ग्रंथपालनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. शाळा व ग्रंथालये यांना लागणाऱ्या वस्तूंचे ते विक्रेतेही होते, ही गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत आहे. त्यांच्या आयुष्यात सुधारणा आणि व्यापार एकाच घरात नांदत होते. त्या सहवासातून मोठे कार्य उभे राहिले आणि मोठा घोटाळाही झाला.

ड्यूई यांचा जन्म १० डिसेंबर १८५१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ॲडम्स सेंटर या लहानशा गावी झाला. वडील जोडे तयार करीत व दुकान चालवीत. हिशेब, काटकसर आणि धर्मनिष्ठा यांचे संस्कार घरातूनच झाले. १८६८ साली ते शिकत असलेल्या शाळेला आग लागली. पुस्तके वाचवताना त्यांच्या छातीत धूर गेला आणि दुखणे इतके बळावले की आपले आयुष्य थोडेच उरले आहे, अशी त्यांची समजूत झाली. तेव्हापासून वेळ वाचवणे हे त्यांचे व्रत बनले. इंग्रजी शब्दांतील अनावश्यक अक्षरे गाळावीत म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाचे स्पेलिंगही कापून लहान केले.

१८७० साली ते ॲमहर्स्ट महाविद्यालयात दाखल झाले आणि दोन वर्षांनी तेथील ग्रंथालयात काम करू लागले. त्या काळी पुस्तकाचा क्रमांक बहुधा कपाट व फळी यांवरून ठरत असे. संग्रह वाढून पुस्तके हलवावी लागली की सारे क्रमांक बदलावे लागत. हा क्रमांक जागेला न देता विषयाला द्यावा, हे ड्यूई यांनी मांडले. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग आणि प्रत्येक विभागाचे दहा उपविभाग अशी रचना त्यांनी सिद्ध केली. १८७६ साली अवघ्या चव्वेचाळीस पृष्ठांची ती पुस्तिका लेखकाच्या नावावाचून प्रसिद्ध झाली.

त्याच वर्षी ते बोस्टनला आले. शालेय पुस्तकांचे प्रकाशक एडविन गिन यांचे त्यांना साहाय्य लाभले. शाळेला माल कसा विकला जातो, हे जवळून पाहण्याची संधी त्यामुळे मिळाली. अमेरिकेत शिक्षणाचा कारभार एका केंद्रीय खात्याच्या हाती नव्हता. हजारो शाळा-जिल्हे आपापले मंडळ निवडत, आपापला कर बसवत आणि बाके, नकाशे, पुस्तके आपापल्या समजुतीप्रमाणे घेत. देशभर एखादी सुधारणा रुजवायची, तर वरून हुकूम काढून भागणारे नव्हते. एकेका मंडळाला पटवावे लागे. ड्यूई यांनी यातून असा धडा घेतला की, व्याख्यानापेक्षा वस्तू अधिक परिणामकारक ठरते. शाळेच्या भिंतीवर तक्ता लागला आणि मुलाच्या हाती मोजपट्टी आली की सुधारणा आपोआप वर्गात शिरते.

१८६६ साली अमेरिकन काँग्रेसने मेट्रिक मापांना मान्यता दिली होती, पण ती सक्तीची केली नव्हती. १८७६ साली ड्यूई यांनी मेट्रिक मापांच्या प्रसारासाठी एक संस्था काढली आणि मोजपट्ट्या, तक्ते, मापांचे संच शाळांना अल्प किमतीत पुरवण्याची खटपट सुरू केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथालय संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. शुद्धलेखन सुधारणेच्या संघटनेचे चिटणीसही तेच होते. वय पंचवीस, हाती तीन चळवळी आणि त्यांचा खर्च भागवण्यासाठी वस्तूंची विक्री, असा हा संसार होता.

या विक्रीची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. कार्डाचे माप काय असावे, नोंदवही कशी आखावी, हे संघाच्या समितीने ठरवावे. ठरलेल्या मापाच्या वस्तू एकगठ्ठा तयार करून स्वस्तात पुरवाव्यात. संघाच्या मासिकातून त्यांची माहिती सर्वत्र जावी. एकट्या ग्रंथालयाला सुताराकडून कपाट करून घेणे महाग पडे, आणि ते शेजारच्या गावातील कपाटाशी जुळतही नसे. एकच माप झाल्यामुळे पुढे छापील तालिकापत्रे एका ठिकाणी तयार करून सर्वत्र पाठवणे शक्य झाले. कार्डाचे माप सेंटिमीटरमध्ये ठरले, यात मेट्रिकच्या प्रचारकाची हौसही होतीच.

पण हिशेबाची शिस्त जगाला शिकवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा हिशेब मात्र स्वच्छ नव्हता. १८७९ साली त्यांनी वाचक-लेखकांच्या सोयीच्या वस्तू विकणारी एक कंपनी काढली. ग्रंथालयांबरोबर शाळा व कचेऱ्या हेही तिचे ग्राहक व्हावेत, हा हेतू होता. तीत इतरांचे भांडवल होते. ड्यूई यांनी तिन्ही संघटनांचे पैसे आणि कंपनीचे पैसे एकमेकांत मिसळले. १८८० साली ही बाब भागधारकांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांनी न्यायालयात धाव घेतली, आणि कंपनीबरोबर संघटनांचा निधीही अडकून पडला. ड्यूई यांनी हे पैसे चैनीसाठी वापरले नव्हते. आपल्या सर्व चळवळी म्हणजे एकच कार्य, मग खाती वेगळी कशाला, अशी त्यांची धारणा होती. सार्वजनिक संस्थांच्या इतिहासात ही धारणा वारंवार आढळते आणि दर वेळी ती संस्थेलाच महागात पडते. पुढच्या वर्षी तडजोड झाली. ड्यूई कंपनीतून बाहेर पडले आणि ग्रंथालयोपयोगी वस्तूंचा व्यवसाय त्यांनी लायब्ररी ब्यूरो या नावाने नव्याने मांडला. हा ब्यूरो भरभराटीला आला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्याने मांडलेली उभ्या फायलींची पद्धत पुढे जगभरच्या कचेऱ्यांत रूढ झाली.

१८८३ साली ड्यूई कोलंबिया महाविद्यालयाचे ग्रंथपाल झाले. जानेवारी १८८७ मध्ये त्यांनी तेथे ग्रंथपालनाचे पहिले विद्यालय उघडले. वीस विद्यार्थ्यांत सतरा स्त्रिया होत्या. विश्वस्तांना हे मानवले नाही आणि वर्ग महाविद्यालयाच्या नेहमीच्या खोल्यांबाहेर भरवावे लागले. अखेर ते न्यूयॉर्क राज्याच्या सेवेत आल्बनी येथे गेले. विद्यालयही त्यांच्यामागोमाग तेथे आले. राज्य ग्रंथपाल आणि माध्यमिक व उच्च शिक्षणावर देखरेख करणाऱ्या रीजंट मंडळाचे चिटणीस अशी दोन्ही पदे १८८९ पासून त्यांच्याकडे होती.

न्यूयॉर्क राज्यात शाळा-जिल्ह्यांच्या ग्रंथालयांचा प्रयोग पूर्वीच होऊन गेला होता. १८३५ च्या कायद्याने जिल्ह्यांना ग्रंथालयासाठी कर बसवण्याची मुभा मिळाली आणि १८३८ पासून राज्याने दरसाल ५५,००० डॉलर देऊ केले. पुस्तके आली, पण त्यांना सांभाळणारा कोणी नव्हता. पुस्तके विखुरली आणि पैसा शिक्षकांच्या पगाराकडे वळू लागला. पुस्तके विकत घेणे म्हणजे ग्रंथालय चालवणे नव्हे, हे या अनुभवाने दाखवले. १८९२ च्या कायद्यात ड्यूई यांच्या पुढाकाराने शालेय व सार्वजनिक ग्रंथालये वेगळी करण्यात आली आणि लोकांनी जमवलेल्या रकमेला शासकीय अनुदानाची जोड मिळू लागली. त्यानंतर निवडक शंभर पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

या काळातही लायब्ररी ब्यूरोतील त्यांचे भाग कायम होते. ग्रंथालयांना शासनाच्या वतीने मार्गदर्शन करणारा अधिकारी आणि ग्रंथालयांना वस्तू विकणाऱ्या कंपनीचा भागीदार एकच असावा, हे सार्वजनिक नीतीला धरून नव्हते. वस्तू उत्तम होत्या, किंमत वाजवी होती, हे खरे. पण घेणाऱ्याला सल्ला देणारा आणि विकणारा एक झाला की वस्तूच्या गुणाला साक्षीदार उरत नाही.

त्यांच्या पतनाचे कारण मात्र वेगळेच झाले. १८९५ साली त्यांनी लेक प्लॅसिड येथे विश्रामासाठी एक क्लब काढला. त्यात ज्यूंना प्रवेश नव्हता. राज्याच्या करातून वेतन घेणाऱ्या अधिकाऱ्याने असा भेद करावा, याविरुद्ध न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित ज्यू नागरिकांनी १९०५ साली रीजंट मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने ड्यूई यांना समज दिली आणि त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. स्त्री सहकाऱ्यांशी त्यांचे वर्तन मर्यादा सोडून असे, अशा तक्रारीही याच सुमारास पुढे आल्या आणि ग्रंथालय संघाच्या कामातून त्यांना दूर व्हावे लागले. ज्यांनी स्त्रियांना या व्यवसायाचे दार उघडून दिले, त्यांच्यापासूनच त्या सुरक्षित नव्हत्या, ही विसंगती झाकता येत नाही. २६ डिसेंबर १९३१ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. पुढे २०१९ साली, अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या एका मानाच्या पदकाला असलेले त्यांचे नाव काढण्याचा निर्णय घेतला.

मराठी वाचकांशी त्यांचा संबंध दुरून का होईना, पण खरा आहे. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन यांनी तेथे जे वर्गीकरण बसवले, त्यात ड्यूई आणि त्यांचे समकालीन कटर या दोघांच्याही पद्धतींचा आधार होता. बडोदे संस्थानातील फिरत्या ग्रंथपेट्याही न्यूयॉर्कमधील पेट्यांच्याच जातीच्या. ड्यूई यांच्या तक्त्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. २०० या धर्मवर्गातील बहुतेक सारी जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम आदी सारे धर्म २९० च्या एका विभागात दाटीने बसले. तक्ता करणाऱ्याचे क्षितिज तक्त्यात उतरतेच.

ड्यूई यांनी ग्रंथालयाला क्रम दिला, माप दिले आणि शिकलेला ग्रंथपाल दिला. त्यांच्या कार्डाचे माप घ्यावे. खात्यांची सरमिसळ घेऊ नये. संस्थेचा पैसा आणि कार्यकर्त्याची तळमळ ही दोन वेगळ्या खात्यांत ठेवण्याची गोष्ट आहे, हेही ग्रंथालय चालवणाऱ्यांनी याच चरित्रातून शिकावे.