सारा बार्टमन यांचे स्मरण
दक्षिण आफ्रिकेतील खोईखोई समाजात जन्मलेल्या सारा बार्टमन केप टाऊनमध्ये मोलकरीण होत्या. १८१० मध्ये त्यांना लंडनला नेऊन तिकीट लावून त्यांच्या देहाचे प्रदर्शन मांडले गेले. १८१५ च्या अखेरीस पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. कुव्हिए या शास्त्रज्ञाने शवविच्छेदन करून त्यांची तुलना वानराशी केली. सांगाडा दीडशेहून अधिक वर्षे संग्रहालयात राहिला. ९ ऑगस्ट २००२ रोजी त्यांना मायभूमीत मूठमाती मिळाली.

नाक-कवटी मोजून माणसांची प्रतवारी लावणारे शास्त्र भारतातही आले. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये नाकाच्या मापांचेच आकडे घेऊन अस्पृश्य हा निराळा वंश नाही, हे दाखवून दिले. आजही आपल्या शहरांत आफ्रिकी विद्यार्थ्याला हिणवले जाते, तेव्हा तीच जुनी नजर आम्हाला दिसते. साराबाईंचे स्मरण म्हणजे ती नजर आपल्या डोळ्यांतून काढून टाकणे होय.