महाराणी येसूबाई : बंदिवासातील संसार

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र यावे असा प्रघात आहे. यंदा त्यासाठी मी महाराणी येसूबाईंचे चरित्र निवडले आहे. रायगडाच्या वेढ्यातील त्यांचे धैर्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे त्या शत्रूच्या कैदेत होत्या, तेथेच त्यांनी पुत्र वाढविला, आणि पुत्र सुटला तरी स्वतः ओलीस राहिल्या, या भागाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. घरचे माणूस बंदीत पडले म्हणजे मुलाबाळांचे काय होते व त्यांना कोण सावरते, हे जाणून घेण्यास हे चरित्र फार उपयोगी आहे.

येसूबाई या शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांच्या कन्या व शिवछत्रपतींच्या ज्येष्ठ स्नुषा. माणगावनजीक गांगवली येथे १८ मे १६८२ रोजी त्यांना पुत्र झाला. आजोबांचेच शिवाजी हे नाव त्याला ठेवले. इतिहासात तो शाहू या नावाने प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले व ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. पाठोपाठ झुल्फिकारखानाने रायगडास वेढा घातला. पतीच्या मृत्यूचा शोक करण्यासही त्या माउलीस उसंत मिळाली नाही. आपल्या पुत्रालाच गादी मिळावी असा हट्ट त्यांनी धरला नाही. दीर राजाराम महाराज यांस पुढे करून त्यांनी गडाबाहेर सुखरूप जाऊ दिले, आणि पुत्रासह स्वतः गडावर राहिल्या. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. येसूबाई व सात वर्षांचे शाहू राजे औरंगजेबाच्या छावणीत नेले गेले.

ही छावणी म्हणजे एक फिरते नगरच होते. ती विजापूर, भीमाकाठची ब्रह्मपुरी अशी हिंडत राहिली. १७०१ मध्ये बादशहाने आपल्या पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा ती याच मुलखात होती. ज्या गडावर संभाजी महाराजांनी काही काळ वास्तव्य केले, तो गड त्यांच्या पुत्राच्या वाट्याला शत्रूच्या छावणीतून पाहण्यासाठी आला!

या दीर्घ बंदिवासात मुलाचा सांभाळ केवळ मातेने केला असे नव्हे. बादशहाची कन्या झिनतुन्निसा हिने या मायलेकरांवर माया केली. शत्रूची मुलगी असूनही तिने त्या बालकाकडे बालक म्हणूनच पाहिले. नेसरीच्या रणात १६७४ मध्ये पडलेले प्रतापराव गुजर आपल्या कोल्हापूरकरांस परके नाहीत. त्यांचे पुत्र खंडेराव हेही छावणीत होते. १७०३ मध्ये शाहूंनी धर्मांतर करावे असा बादशहाचा आग्रह पडला, तेव्हा खंडेरावांनी ते संकट आपल्या शिरावर घेऊन राजपुत्रास वाचविले. पित्याने प्राण दिले, पुत्राने त्याहून कठीण असे काही दिले. राजघराण्यातील माणसांसही कैदेत पैशाची ओढ सोसावी लागे. कर्जाने गांजलेल्या येसूबाईंनी चिंचवडच्या देवांकडे पत्राने साह्य मागितले होते. कैद्याच्या कुटुंबास बाहेरच्या मायेच्या माणसांचा आधार किती मोलाचा असतो, हे यावरून ध्यानी येईल.

१७०७ मध्ये औरंगजेब निवर्तला व आजमशहाने शाहूंची सुटका केली. परंतु येसूबाई, सावत्र पुत्र मदनसिंग व शाहूंची पत्नी यांस ओलीस म्हणून ठेवून घेतले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला, तेव्हा मस्तकावर हात ठेवणारी माता जवळ नव्हती. पुढे बाळाजी विश्वनाथ सैन्यासह दिल्लीस गेले. तेथील दंगलीत पुष्कळ मराठे कामास आले. अखेर तहाच्या सनदा घेऊन व येसूबाईंस बरोबर घेऊन ते ४ जुलै १७१९ रोजी साताऱ्यास पोचले. सात वर्षांचा असताना जो पुत्र मातेबरोबर कैदेत गेला, त्याने सदतिसाव्या वर्षी तिला घरी आणले.

अशा बालपणाने मनुष्य कडवट व सूडबुद्धीचा व्हावा हे स्वाभाविक वाटते. शाहू महाराज तसे झाले नाहीत. १७३० मध्ये वारणेकाठच्या लढाईत कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा पराभव होऊन ताराबाई, राजसबाई व जिजाबाई या राजस्त्रिया त्यांच्या हाती लागल्या. त्यांना बंदीत न ठेवता महाराजांनी सन्मानाने परत पाठविण्याचे ठरविले. ताराबाई मात्र स्वेच्छेने साताऱ्यास राहिल्या. पुढील वर्षी, १७३१ मध्ये, वारणेचा तह झाला व आपल्या करवीर राज्यास स्थैर्य लाभले. ज्याची माता तीस वर्षे परक्याच्या कैदेत राहिली, त्याने दुसऱ्याच्या माता-भगिनी कैदेत ठेवल्या नाहीत. येसूबाईंच्या शिकवणुकीचे याहून थोर फळ ते कोणते?

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. माझ्या शिक्षकीच्या प्रारंभीच्या काळात वर्गात एक हुशार मुलगा होता. बांधाच्या भांडणातून त्याचे वडील तुरुंगात गेले. इतर मुले त्याला चिडवू लागली. तो मागच्या बाकावर जाऊन बसू लागला. मी चिडविणाऱ्यांस दटावले नाही, त्याच्या घरीही गेलो नाही. ते आपले काम नव्हे असे मला वाटले. दोन महिन्यांत त्याने शाळा सोडली. वडिलांना शिक्षा न्यायालयाने दिली होती. मुलाला ती आम्ही दिली. ही खंत आजही मनातून जात नाही.

आपल्या कोल्हापुरात कळंब्याचे कारागृह आहे. त्याच्या दारात भेटीसाठी ताटकळणाऱ्या बायका-मुलांत आपल्या ज्ञातीचे कोणी नसेल असे कोणी समजू नये. आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय आहे. पण त्यानंतर ते कोठे जाणार? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून गरिबांस मोफत वकील मिळतो, हेही पुष्कळांस माहीत नसते. अशा घरच्या मुलाची फी व वह्या-पुस्तके यांची तजवीज मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून गाजावाजा न करता व्हावी, भेटीच्या दिवशी त्या माउलीबरोबर कोणी जाणते माणूस जावे, आणि लग्नकार्यात त्या घरास आमंत्रण चुकू नये, एवढी माझी ज्ञातिबांधवांस नम्र विनंती आहे. अपराध असेल तो ज्याचा त्याचा. मूल मात्र आपणा सर्वांचे आहे.