जिला मिशनरी व्हायचंच नव्हतं, तिने वेल्लोरचं सीएमसी उभं केलं

वेल्लोरचं सीएमसी हॉस्पिटल देशभर माहिती आहे. पण ते उभं करणाऱ्या इडा स्कडरला भारतात राहायचंच नव्हतं.

इडाचा जन्म १८७० चा, तमिळनाडूतल्या राणीपेटचा. आजोबा अमेरिकेतून आलेले मिशनरी डॉक्टर, वडीलही तेच. लहानपणीच तिने मोठा दुष्काळ पाहिला. पुढे शिकायला अमेरिकेत गेल्यावर तिने ठरवून टाकलं, हे आयुष्य आपल्याला नको.

मग आई आजारी पडली, म्हणून ती काही दिवसांसाठी तिंडिवनमला आली. तिथे एकाच रात्री तीन घरचे पुरुष मदत मागायला आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या. इडा डॉक्टर नव्हती. वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाने तपासणं तिघांनाही मान्य नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या.

डॉक्टर हाकेच्या अंतरावर असूनही हे घडलं, ही गोष्ट इडाच्या मनातून जाईना. ती अमेरिकेला परतली ती डॉक्टर व्हायलाच. १८९९ मध्ये कॉर्नेलमधून पदवी घेतली आणि १९०० मध्ये वेल्लोर गाठलं. १९०२ मध्ये बायकांसाठी दवाखाना सुरू झाला.

पण एकटी बाई डॉक्टर किती गावांना पुरणार? म्हणून १९०९ मध्ये नर्सिंगचं शिक्षण आणि १९१८ मध्ये मुलींसाठी मेडिकल स्कूल सुरू केलं. मुलांना तिथे प्रवेश मिळाला थेट १९४७ मध्ये.

इडा १९६० मध्ये कोडाईकनालला वारली. तोवर तिच्याकडे शिकलेल्या कितीतरी मुली डॉक्टर झाल्या होत्या.