रोह्याचे चिंतामणराव : मुंबईच्या हक्कासाठी सोडलेले अर्थमंत्रिपद

कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने दोन असामान्य पुरुषांना जन्म देता झाला. पेण तालुक्यातील गागोदे येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. एकाने इंटरच्या परीक्षेस जाताना वाटेतच गाडी सोडली आणि पदव्यांच्या मार्गाकडे कायमची पाठ फिरवली, तर दुसऱ्याने परीक्षांमागून परीक्षांत पहिला क्रमांक मिळवून साम्राज्याच्या सर्वोच्च सेवेत प्रवेश केला. विनोबांचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. चिंतामणरावांचे नाव मात्र बहुतेकांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर एवढ्याच ओळीपुरते आठवते. ज्या प्रसंगाने त्यांची खरी कसोटी पाहिली, तो प्रसंग नोटांशी नव्हे, तर मुंबई कोणाची आणि तिच्यावर राज्य कोणी करावयाचे या प्रश्नाशी निगडित होता.

देशमुखांचे घराणे रोह्याचे. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील, आई भागीरथीबाई. कुंडलिका नदीच्या काठच्या या गावात लहानपण घालवून चिंतामणराव पुढील शिक्षणासाठी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. तेथून ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी १९१७ साली निसर्गविज्ञानाची पदवी संपादन केली. वनस्पतिशास्त्रातील नैपुण्याबद्दल त्यांना फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. पुढे १९१८ मध्ये लंडनला झालेल्या आयसीएस परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. संस्कृत काव्य आणि झाडेझुडपे या दोन आवडी मात्र त्यांनी जन्मभर जपल्या.

नोकरीची पहिली वीस वर्षे मध्य प्रांत व वऱ्हाडात गेली. जमीनमहसुलाची पाहणी, जिल्ह्याचा कारभार, महसूल आणि वित्त खात्याचे सचिवपद अशा पायऱ्या ते चढत गेले. नागपूर ही राजधानी असलेला तो प्रांत मराठी आणि हिंदी अशा दोन भाषकांचा होता. दोन भाषांच्या लोकांनी एका सरकारच्या छत्राखाली नांदताना कोठे सोय होते आणि कोठे खटके उडतात, हे पाहण्याची संधी ज्या मोजक्या मराठी अधिकाऱ्यांना मिळाली, त्यांत चिंतामणराव होते. १९३१ साली रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात काम करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. भारताला स्वराज्य किती द्यावे, कोणाला मताधिकार असावा, कोणत्या समाजाला किती जागा द्याव्यात, हा सारा वाद त्यांनी जवळून पाहिला. महात्मा गांधी त्या परिषदेला उपस्थित होते. वाटाघाटींच्या मेजावर प्रजेचे भवितव्य ठरते, पण प्रजेला मात्र विचारले जात नाही, याचा तो वस्तुपाठच होता.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि लगोलग दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४१ च्या अखेरीस ते डेप्युटी गव्हर्नर झाले. सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नरपद त्यांच्याकडे आले. युद्धखर्चापायी महागाई भडकलेली आणि बंगाल दुष्काळाने होरपळत असलेला, असा तो काळ होता. ब्रिटनने युद्धासाठी भारतातून माल व सेवा उचलल्या आणि त्यांपोटी लंडनमध्ये भारताच्या नावावर पौंडांची मोठी रक्कम साठत गेली. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर अर्थव्यवस्थेची घडी बसवणारी परिषद भरली, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात चिंतामणराव होते. या पौंडांच्या येण्याचा प्रश्न परिषदेत घ्यावा ही भारताची मागणी मान्य झाली नाही. मात्र आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. पुढे सोव्हिएत रशिया निधीबाहेर राहिल्याने भारत पहिल्या पाच मोठ्या वाटेकऱ्यांत गणला गेला आणि कार्यकारी मंडळावर त्याला हक्काची जागा मिळाली. अद्याप स्वतंत्र न झालेल्या देशासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

फाळणीने त्यांच्यापुढे आणखी अवघड पेच टाकला. दोन देश झाले, तरी मध्यवर्ती बँक काही काळ एकच राहणार होती. एकत्रित रोख शिलकीतील ७५ कोटी रुपये पाकिस्तानच्या वाट्याला ठरले. त्यांपैकी २० कोटी आधीच दिले गेले होते. उरलेले ५५ कोटी काश्मीरमध्ये लढाई सुरू असल्यामुळे भारत सरकारने रोखून धरले आणि जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणादरम्यान ते देण्याचा निर्णय झाला. एकमेकांशी लढणाऱ्या दोन सरकारांची बँक म्हणून रिझर्व्ह बँकेला या काळात कारभार करावा लागला. १ जुलै १९४८ पासून पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक सुरू झाली आणि हा अध्याय संपला. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही गव्हर्नर चिंतामणरावच होते.

१९५० मध्ये ते नव्याने स्थापन झालेल्या नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि त्याच वर्षी जॉन मथाई यांच्या राजीनाम्यानंतर देशाचे अर्थमंत्री. सनदी अधिकाऱ्याने मंत्री होणे ही एक गोष्ट, आणि मतदारांपुढे हात जोडून उभे राहणे ही दुसरी. प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ च्या हंगामात, चिंतामणराव काँग्रेसच्या तिकिटावर कुलाबा मतदारसंघातून उभे राहिले. हा जिल्हा काँग्रेसला सोपा नव्हता. चरीच्या शेतकरी संपाची परंपरा येथे ताजी होती आणि शेतकरी कामगार पक्षाची मुळे खोल गेली होती. खोतांच्या आणि सावकारांच्या ओझ्याखाली वाकलेली कुळे प्रथमच मतपेटीपर्यंत पोहोचत होती. या जिल्ह्याने आपल्या मातीतल्या माणसाला निवडून लोकसभेत पाठवले. चिंतामणरावांच्या आयुष्यातील हा एकमेव निर्णय असा, जो परीक्षकांनी किंवा वरिष्ठांनी नव्हे, तर सामान्य मतदारांनी दिला होता.

अर्थमंत्री म्हणून त्यांची कारकीर्द पायाभरणीची ठरली. २,०६९ कोटी रुपयांच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेला पैसा उभा करणे, १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर करून बँकिंग खेड्यांकडे वळवणे, जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम काढून आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारच्या ताब्यात घेणे, ही त्यांतील ठळक कामे. १९५३ साली त्यांनी घटना समितीच्या माजी सदस्या आणि समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ मध्ये निधन झाले होते.

याच सुमारास भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला. डिसेंबर १९५३ मध्ये नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या शरदात अहवाल दिला आणि त्यात गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्य व स्वतंत्र विदर्भ सुचवला. मराठी मुलखात असंतोष उसळला. त्यावर तोडगा म्हणून महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी तीन राज्यांची योजना पुढे आली, पण तिने आगीत तेलच ओतले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा नभोवाणीवरून केली आणि त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा रक्त सांडले. या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या आधी १०५ आणि पुढे १०७ अशी नोंदली गेली.

केंद्रशासित होणे म्हणजे काय, याचे उत्तर दिल्लीतच मिळणार होते. १९५२ साली निवडून आलेली दिल्लीची विधानसभा १९५६ च्या पुनर्रचनेत रद्द झाली. मुंबईही त्याच मार्गाने गेली असती, तर लाखो नागरिकांच्या या महानगरावर राज्य कोणी करावे हे शहरातील मतदारांनी नव्हे, तर केंद्र सरकारने ठरवले असते. कुलाबा जिल्ह्याच्या दृष्टीने मुंबई हे खाडीपलीकडचे परके शहर नव्हते. पेण, रोहा, अलिबाग, महाड या तालुक्यांतील घराघरांतून माणसे तेथे गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत राबत होती. येथला तांदूळ, मीठ, मासळी मुंबईच्याच बाजारात जात होती. त्यामुळे कुलाब्याच्या खासदाराला हा प्रश्न केवळ नकाशावरील रेषेचा वाटणे शक्य नव्हते.

चिंतामणरावांनी जानेवारी १९५६ मध्येच राजीनामा देऊ केला. मनधरणीमुळे तो काही महिने तसाच राहिला. ३ जूनला मुंबईतील काँग्रेसच्या बैठकीत नेहरूंनी शहर पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा मात्र त्यांनी मागे पाहिले नाही. जुलैअखेर ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत त्यांनी आपली भूमिका सविस्तर मांडली. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता घेतला गेला, हा त्यांचा पहिला आक्षेप होता. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. महाराष्ट्राविषयी केंद्राच्या मनात आकस आहे, असाही ठपका त्यांनी ठेवला. नेहरूंनी हे आरोप फेटाळले आणि मंत्रिमंडळाला अंधारात ठेवल्याचे अमान्य केले. दोन्ही बाजूंच्या तर्काविषयी अभ्यासकांत मतभेद होते आणि राहतील. परंतु पहिला आक्षेप भाषिक अभिमानाचा नव्हता, तर राज्यकारभाराच्या रीतीचा होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लोकांनी निवडलेले सरकारही आपल्या अंतर्गत नियमांनी चालले नाही, तर लोकांचा हक्क कागदावरच राहतो, ही त्यामागची धारणा होती.

या राजीनाम्याने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला नैतिक बळ मिळाले. केंद्रातील एका मातब्बर मंत्र्याने खुर्ची सोडली, ही बातमी मराठी मुलखात वाऱ्यासारखी पसरली. पण चिंतामणरावांनी या लोकप्रियतेचे राजकारण केले नाही. ते संयुक्त महाराष्ट्र समितीचे पुढारी झाले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद स्वीकारून ते शिक्षणाच्या कामाला लागले. ऑगस्टमध्ये संसदेने तीन राज्यांची योजना बाजूला सारून द्विभाषिक राज्य मान्य केले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते अस्तित्वात आले. १९५७ च्या निवडणुकीत मतदारांनी त्यावर आपला कौल दिला. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला जबर धक्का दिला आणि कुलाब्याची लोकसभेची जागाही शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. गोळ्यांनी जे सुटले नव्हते, ते मतपेटीने सुटण्याच्या वाटेवर आणले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

पुढील काळातही त्यांच्याकडे मान चालत आला. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते स्वतंत्र पक्ष व जनसंघाचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि व्ही. व्ही. गिरी व नीलम संजीव रेड्डी यांच्यामागे तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये त्यांना आणि दुर्गाबाईंना एकाच वेळी पद्मविभूषण मिळाले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी पद्यानुवाद केला आणि गांधीजींचे विचार संस्कृत श्लोकांत गुंफले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, पवनार येथे विनोबांनीही देह ठेवला. शेजारच्या तालुक्यांशी नाते सांगणारे हे दोन समवयस्क एकाच वर्षी काळाच्या पडद्याआड गेले.

ठाण्यात महापालिकेने सुरू केलेली प्रशासकीय सेवांची प्रशिक्षण संस्था आज चिंतामणरावांचे नाव धारण करते. तेथे शिकणारी मुले त्यांच्या गुणवत्तेची कहाणी ऐकतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचे सार केवळ पहिल्या क्रमांकांत नाही. परकी सत्ता, महायुद्ध, फाळणी आणि स्वराज्य अशी चार पर्वे त्यांनी सत्तेच्या दालनातून पाहिली. त्या दालनात टिकून राहण्याची कला त्यांना अवगत होती. तरीही ज्या मतदारांनी त्यांना एकदाच निवडून दिले, त्यांच्या भवितव्याचा निर्णय त्यांना डावलून होऊ लागला, तेव्हा त्या दालनातून उठून जाण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. मुंबईसह महाराष्ट्राच्या जन्मकथेत रस्त्यावर प्राण देणाऱ्यांचे स्थान सर्वोच्च आहेच, पण त्या कथेत रोह्याच्या या अबोल अर्थशास्त्र्याचीही एक ओळ कायमची कोरलेली आहे.