गिरणीवाला ग्रीन

बीएस्सी किंवा इंजिनीअरिंग करणाऱ्यांना ‘ग्रीन्स थिअरम’ कधी ना कधी गाठतंच. विधान लिहायचं, एक उदाहरण सोडवायचं, मार्क खिशात. हा ग्रीन पिठाची गिरणी चालवायचा, हे मात्र कुठल्याच नोट्समध्ये नसतं.

जॉर्ज ग्रीनचा जन्म १७९३चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा. वडिलांची बेकरी होती. आठव्या वर्षी शाळेत गेला आणि नवव्या वर्षी बाहेर पडला. एकूण शाळा सव्वा वर्ष! मग बेकरीत काम. पुढे वडिलांनी शेजारच्या स्नेन्टन गावात पवनचक्की बांधली आणि पोरगा दळणाला लागला. पवनचक्कीचा मालक वारा. तो सुटला की दळायचं, मग रात्र असो की दिवस. अभ्यास उरलेल्या वेळात. चक्कीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तो वाचत बसायचा असं सांगतात.

पण वाचायचं काय? तेव्हा खरं गणित चाललं होतं फ्रान्समध्ये, लाप्लास आणि प्वासाँ यांच्याकडे. इंग्लंड न्यूटनच्या जुन्या पद्धतीला चिकटून होतं. ग्रीनच्या नशिबाने नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कूलचे हेडमास्तर जॉन टॉप्लिस यांनी लाप्लासच्या ग्रंथाचा पहिला भाग इंग्रजीत आणला होता. १८२३ मध्ये ग्रीन गावातल्या वर्गणीवाल्या वाचनालयाचा सभासद झाला. तिथे रॉयल सोसायटीचे अंक यायचे.

एवढ्या शिदोरीवर १८२८ मध्ये त्याने वीज आणि चुंबकत्वाच्या गणितावर सत्तरेक पानांचा निबंध छापला. प्रत्येक बिंदूपाशी बल आणि त्याची दिशा मोजत बसण्यापेक्षा तिथे एकच संख्या धरायची आणि तिच्यावरून बल काढायचं, ही त्यातली मुख्य युक्ती. बारावीच्या फिजिक्समधला ‘पोटेन्शियल’ हा शब्द त्या निबंधातून आलाय. सीमेवर काय चाललंय ते कळलं की आतलं कसं काढायचं, हेही त्यातच आहे. किंमत साडेसात शिलिंग. ५१ जणांनी वर्गणी भरून तो घेतला, बहुतेक गावातलेच. त्यातल्या कितीजणांना तो कळला असेल, विचारूच नका.

आपल्याकडे एनपीटीईएल आहे, एमआयटीचे कोर्स फुकट आहेत, पीडीएफनी फोन भरलाय. साहित्य शोधायचा ग्रीनचा त्रास आपल्याला नाही. पण केलेलं बरोबर आहे का, हे सांगणारं माणूस कुठून आणायचं? इथे आपण आणि तो एकाच बाकावर.

ग्रीनला ते माणूस मिळालं होतं. वर्गणीदारांमध्ये सर एडवर्ड ब्रॉमहेड हे केंब्रिजला शिकलेले जमीनदार होते. पुढचं लेखन पाठव, मी ते छापायला पुढे देतो, असं त्यांनी स्वतःहून कळवलं. ग्रीनला कुणीतरी सांगितलं, अरे, मोठ्या लोकांचा हा नुसता शिष्टाचार असतो, लगेच उत्तर देऊन आगाऊपणा करू नकोस. त्याने ऐकलं! उत्तर गेलं ते जवळपास दोन वर्षांनी, १८३०च्या जानेवारीत. मला त्या सल्लागाराचा अजून राग येतो.

ब्रॉमहेड मात्र चिडले नाहीत. त्यांनी पुढचे तीन निबंध छापून आणले आणि ग्रीनला केंब्रिजला धाडलं. घरी जेन स्मिथ आणि मुलं (लग्न कधीच केलं नाही, मुलं शेवटी सात), आणि हा चाळिशीत, अठरा-वीसच्या पोरांबरोबर वर्गात. गणित सोपं गेलं, लॅटिन-ग्रीकनं घाम काढला. १८३७च्या परीक्षेत चौथा आला, १८३९ मध्ये फेलो झाला. पण तब्येत ढासळली. तो स्नेन्टनला परतला आणि १८४१ मध्ये, ४७व्या वर्षी, गेला.

१८४५ मध्ये केंब्रिजमधून नुकताच पास झालेला विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, हा निबंध शोधत होता. त्याने शिक्षक हॉपकिन्स यांच्याकडे सहज विषय काढला, तर त्यांच्याकडेच प्रती निघाल्या. थॉमसन त्या घेऊन पॅरिसला गेला, तिथले गणिती थक्क झाले. हॉपकिन्स केंब्रिजमध्येच राहायचे. ग्रीन हयात असताना काही वर्षं त्याच गावात होता.