बार्सिलोनाचा कोलंबस-स्तंभ

स्पेन देशाच्या पूर्व किनाऱ्यावर बार्सिलोना नावाचे प्रसिद्ध बंदर आहे. तेथील एक रुंद, गजबजलेला रस्ता जेथे समुद्राला मिळतो, तेथे सुमारे ६० मीटर उंचीचा एक स्तंभ उभा आहे. स्तंभाच्या माथ्यावर एका दर्यावर्दीचा ब्राँझचा पुतळा असून त्याचा उजवा हात समुद्राकडे रोखलेला आहे. हा दर्यावर्दी म्हणजे ख्रिस्तोफर कोलंबस. पहिल्या सफरीवरून परतल्यावर १४९३ साली तो याच शहरी राजदरबारात आला होता. १८८८ साली येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने हे स्मारक उभारण्यात आले.

कोलंबसाचा जन्म १४५१ च्या सुमारास इटलीतील जिनोआ शहरी एका विणकराच्या घरी झाला. वडिलांच्या मागावर त्याचे मन रमले नाही; तरुणपणीच तो गलबतावर चढला. पुढे तो पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे राहिला आणि भावाबरोबर नकाशे तयार करण्याचे काम करू लागला.

त्या काळी हिंदुस्थानातील मिरी व इतर मसाल्यांना युरोपात फार मोठी किंमत येत असे. आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेकडे जाण्याचा मार्ग पोर्तुगीज शोधत होते. कोलंबसाच्या मनात मात्र निराळाच विचार आला. पृथ्वी गोल आहे, तर पश्चिमेकडे जाऊनही पूर्वेचे देश गाठता येतील, असे त्याला वाटले. पृथ्वी गोल आहे हे विद्वानांनाही ठाऊक होते. त्यांचा आक्षेप अंतराविषयी होता. कोलंबसाने मानलेल्या अंतरापेक्षा खरे अंतर कितीतरी अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते बरोबर होते. जपानचे अंतर कोलंबसाने जेवढे धरले होते, त्याच्या चौपटीहून ते अधिक आहे!

पोर्तुगालच्या राजाने त्याची विनंती नाकारली. मग तो स्पेनमध्ये आला. तेथेही सुमारे सात वर्षे त्याला खेटे घालावे लागले. पण त्याने धीर सोडला नाही. अखेर १४९२ साली राणी इझाबेला व राजा फर्डिनंड यांनी त्याला साहाय्य दिले.

३ ऑगस्ट १४९२ रोजी ‘सांता मारिया’, ‘पिंटा’ व ‘निना’ ही तीन जहाजे घेऊन कोलंबस पालोस बंदरातून निघाला. बरोबर सुमारे ९० माणसे होती. वाटेत कॅनरी बेटांवर थांबून ६ सप्टेंबरला त्याने पश्चिमेकडे शिडे उभारली. दिवसांमागून दिवस गेले. चोहीकडे पाण्यावाचून काही दिसेना. खलाशी कुरकुरू लागले. त्यांनी घाबरू नये म्हणून कोलंबस रोज कापलेले अंतर कमी करून सांगत असे. शेवटी १२ ऑक्टोबरच्या पहाटे ‘पिंटा’वरील एका खलाशाला किनारा दिसला.

ते हिंदुस्थान नव्हते. ते बहामा द्वीपसमूहातील एक बेट होते. तेथील रहिवाशांनी परक्या पाहुण्यांचे स्नेहाने स्वागत केले. आपण पूर्वेच्या देशांत पोचलो अशा समजुतीने कोलंबसाने त्यांना ‘इंडियन’ हे नाव दिले. तो शोधत होता मिरी. त्याला तेथे आढळली मिरची. हीच मिरची पुढे पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या देशात आली.

दुसऱ्या सफरीत तो १७ जहाजे घेऊन गेला. या वेळी तो राज्यकर्ता म्हणून गेला होता. आता त्याच्या चरित्रातील काळा अध्याय सुरू झाला. बेटांवरील तैनो लोकांकडून सोन्याची खंडणी मागण्यात आली. ती न देणाऱ्यांना कठोर शिक्षा झाल्या. १४९५ साली सुमारे ५०० तैनो स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून स्पेनकडे पाठवण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ २०० वाटेतच मरण पावले. पुढे जुलूम आणि युरोपातून आलेले साथीचे रोग यांनी गावेच्या गावे ओस पडली.

कोलंबसाच्या कारभाराविरुद्ध स्पॅनिश वसाहतकऱ्यांनीही तक्रारी केल्या. १५०० साली त्याला बेड्या घालून स्पेनला आणण्यात आले. राजाने त्याची सुटका केली, तरी त्याचा अधिकार गेला तो गेलाच. तत्पूर्वी १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला होता. कोलंबसाने आणखी एक सफर केली; पण आपली चूक त्याने अखेरपर्यंत मान्य केली नाही. २० मे १५०६ रोजी वाय्यादोलिद येथे त्याचे निधन झाले.

आज बार्सिलोनाच्या स्तंभात बसवलेल्या पाळण्यातून वर जाऊन लोक सारे बंदर पाहतात. गंमत अशी, की पुतळ्याचे बोट पश्चिमेला, अमेरिकेकडे नाही. ते भूमध्य समुद्राकडे आहे. हा पुतळा तेथून हलवावा, अशी मागणीही काही नागरिकांनी केली आहे.

मुलांनो, अज्ञात सागरात जहाज लोटणाऱ्या या माणसाचे धैर्य थोर होते, यात शंका नाही. परंतु धैर्याला दयेची आणि न्यायाची जोड नसेल, तर त्यापासून इतरांना केवढे दुःख भोगावे लागते, हेही त्याच्या चरित्रावरून कळते. ज्या तैनो लोकांनी त्याचे स्वागत केले, त्यांच्यासाठी त्या बंदरावर स्तंभ नाही. कोलंबसाचे स्मरण करताना त्यांचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.