लोणीचे विठ्ठलराव

कानोत्याला आल्यापासून इथले राजस्थानी सहकारी मला हमखास विचारतात, की तुमच्याकडे साखर कारखाना शेतकऱ्यांचा कसा? म्हणून यंदा आपल्या स्मरणिकेत आमच्या नगर जिल्ह्यातील लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांविषयी लिहितो आहे.

विठ्ठलरावांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. सावकारीत पिचलेले शेतकरी पाहून त्यांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. पुढे प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पिकू लागला, पण भाव ठरवायचे व्यापारी आणि खासगी कारखानदार. तेव्हा शेतकऱ्यांनीच कारखाना काढावा, असे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने ठरले.

ठरले खरे, पण भांडवल? विठ्ठलराव शेअर्ससाठी गावोगाव हिंडले. पैसे बुडतील ही लोकांची भीती रास्तच होती. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाना तोवर नव्हताच. माझ्या आजोबांनी आजीची बोरमाळ मोडून शेअर घेतला. आजी पुढे कित्येक वर्षे ते बोलून दाखवी!

१९५० च्या अखेरीस प्रवरानगरला गाळप सुरू झाले. अध्यक्ष गाडगीळ आणि एवढी पायपीट केलेले विठ्ठलराव उपाध्यक्ष. खुर्ची जाणकाराला दिली, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

१९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कारखान्यापाठोपाठ परिसरात शाळाही आल्या. प्रवरा पब्लिक स्कूल १९६४ चे. २७ एप्रिल १९८० रोजी ते गेले.

आजोबांच्या शेअरचा दाखला आमच्या घरी ट्रंकेत अजून आहे. बोरमाळ मात्र पुन्हा झाली नाही.